उपकारस्तुती

उपकारस्तुती म्हणजे देवाने केलेल्या उपकारांचे स्मरण करून कृतज्ञ अंतःकरणाने केलेली त्याची स्तुती व उपासना. हा शब्द प्रामुख्याने मराठी ख्रिस्ती समाजात रूढ आहे. बायबलची मराठी भाषांतरे, गीतसंग्रह, रविवारची उपासना आणि घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभा या सर्वांत तो आढळतो. देवाजवळ काही मागणे ही विनंती, दुसऱ्यासाठी मागणे ही मध्यस्थीची प्रार्थना, अपराध मान्य करणे हा पापांगीकार. या तिन्हींहून उपकारस्तुती वेगळी मानली जाते, कारण तिच्यात मागणे नसते. मिळालेल्याची नोंद घेणे आणि ती देवासमोर, बहुधा इतरांच्या उपस्थितीत, शब्दांत व अर्पणात व्यक्त करणे हे तिचे स्वरूप आहे. विदर्भात, विशेषतः नागपूर परिसरातील प्रोटेस्टंट व कॅथलिक मंडळ्यांमध्ये, या उपासनेला दीड शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे.

शब्द आणि अर्थ

'उपकार' व 'स्तुती' या दोन संस्कृत शब्दांपासून हा समास झाला आहे. 'कृतज्ञ' या शब्दाची फोड 'कृत' (केलेले) आणि 'ज्ञ' (जाणणारा) अशी होते. केलेले जाणणे ही कृतज्ञता, आणि जाणलेले बोलून दाखवणे ही उपकारस्तुती, असा भेद करता येतो. व्यवहारातील मराठीत 'उपकार' या शब्दाला एक बोचरी छटा आहे. उपकाराचे ओझे होते, उपकार फेडावे लागतात, कोणाचे उपकार घेऊ नयेत असे वडीलधारी माणसे सांगतात. 'आभार' या शब्दातही 'भार' आहेच. ख्रिस्ती वापरात मात्र ही छटा जवळजवळ उलटते. देवाचे उपकार फेडता येत नाहीत, हे गृहीत धरूनच स्तुतीला आरंभ होतो. त्यामुळे येथे परतफेडीची जागा स्मरण घेते. 'उपकारस्मरण' हा शब्दही याच अर्थाने वापरला जातो.

बायबलच्या मूळ भाषांतील दोन शब्द या संकल्पनेच्या मुळाशी आहेत. हिब्रू 'तोदा' या शब्दाचा धातू 'कबूल करणे, मान्य करणे' असा अर्थ देतो. आजच्या हिब्रूत साध्या धन्यवादासाठी हाच शब्द आहे. ग्रीक 'युखारिस्तिया' म्हणजे कृतज्ञता. प्रभुभोजनाच्या विधीला, ज्याला कॅथलिक परंपरेत पवित्र मिस्सा म्हणतात, हेच ग्रीक नाव फार पूर्वी मिळाले. ख्रिस्ती धर्माचा मध्यवर्ती विधीच नावाने 'आभार' आहे, ही गोष्ट मराठी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही, कारण मराठी नावांत तो अर्थ दिसत नाही.

बायबलमधील आधार

लेवीय या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात शांत्यर्पणाचा एक प्रकार म्हणून उपकारस्तुतीच्या अर्पणाचे नियम दिले आहेत. अर्पणाबरोबर भाकरी द्यावयाच्या आणि त्या अर्पणाचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचे, सकाळपर्यंत ठेवायचे नाही. एका कुटुंबाला एका दिवसात एवढे अन्न संपवणे कठीण असल्यामुळे शेजारी व आप्तांना बोलावणे क्रमप्राप्त होई, असा अर्थ अनेक भाष्यकारांनी लावला आहे. आभार मानणे ही एकट्याने उरकायची गोष्ट राहत नसे.

अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली याजकाकडे नेण्याचा विधी आहे. टोपली देताना शेतकऱ्याने केवळ 'हे घे' असे म्हणायचे नसून आपल्या पूर्वजांचे भटके जीवन, मिसरातील दास्य आणि तेथून झालेली सुटका हे सारे मोठ्याने सांगायचे असते. पीक हे निमित्त. सांगायचा असतो तो इतिहास.

स्तोत्रसंहितेत उपकारस्तुतीची स्तोत्रे विपुल आहेत. शंभरावे स्तोत्र शीर्षकानेच उपकारस्मरणाचे आहे. १३६ व्या स्तोत्रात २६ कडवी असून प्रत्येकाच्या शेवटी एकच ध्रुपद येते, त्यावरून ते एकाने म्हणायचे आणि समुदायाने उत्तर द्यायचे असे असावे. १०७ व्या स्तोत्राची रचना लक्षणीय आहे. त्यात वाळवंटात वाट चुकलेले, तुरुंगात पडलेले, आजाराने मरणाच्या दारी पोहोचलेले आणि वादळात सापडलेले दर्यावर्दी अशा चार प्रकारच्या लोकांची सुटका वर्णिली आहे, आणि प्रत्येकाला उपकार मानण्यास सांगितले आहे. यहुदी परंपरेत अशा संकटांतून वाचलेल्याने समुदायासमोर म्हणावयाची आशीर्वचने याच स्तोत्राशी जोडली जातात.

नव्या करारात लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची कथा या विषयावरील प्रवचनांत सर्वाधिक वेळा येते. दहाही जण बरे होतात, परतून येतो तो एकटाच, आणि तो शोमरोनी असतो, म्हणजे यहुदी समाजाच्या दृष्टीने परका. कथेत उरलेल्या नवांना शिक्षा होत नाही, त्यांचा आजारही परत येत नाही, ही बाब महत्त्वाची आहे. आभार न मानल्याने काही हिरावले जाईल अशी भीती येथे घातलेली नाही. त्याच शुभवर्तमानाच्या पुढच्या अध्यायात याची दुसरी बाजू येते. मंदिरात उभा असलेला परूशी देवाचे आभारच मानत असतो, परंतु आपण इतरांसारखे, विशेषतः दूर उभ्या असलेल्या जकातदारासारखे, नाही याबद्दल. आभाराच्या रूपात आत्मस्तुती कशी शिरते याचे हे नेमके उदाहरण आहे.

पौलाच्या पत्रांत कृतज्ञतेचा उपदेश वारंवार आढळतो. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व स्थितीत उपकारस्तुती करण्यास सांगितले आहे. 'सर्व स्थितीत' आणि 'सर्व स्थितीबद्दल' यांत अंतर आहे, आणि ते प्रवचनकारांकडून नेहमीच जपले जाते असे नाही.

मराठी परंपरा

मराठीतील ख्रिस्ती स्तुतिसाहित्याचा आरंभ गोव्यात झाला. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला, परंतु त्याची घडण मराठी पुराणग्रंथांची आहे. आरंभीच्या नमनाची जागा येथे परमेश्वराच्या स्तवनाने घेतली आहे. ओवीत देवाचे उपकार गाणे मराठी श्रोत्याला परके वाटणार नाही, हे स्टीफन्स यांनी ओळखले होते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशन व स्कॉटिश मिशन यांच्या काळात मराठी मंडळ्यांत प्रथम इंग्रजी चालींवर बेतलेली गीते आली. त्यांतील भाषांतरे अनेकदा अवघडलेली होती. हे चित्र बदलण्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि त्यांच्या आयुष्यातील निर्णायक वळणाचा नागपूरशी निकटचा संबंध आहे. कोकणात जन्मलेले टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत व धार्मिक ग्रंथांचे काम करीत होते. पुढे नोकरीसाठी राजनांदगावकडे जात असता आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका पाश्चात्त्य प्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्या वाचनातून सुरू झालेला प्रवास १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेल्या बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचला.

या निर्णयाची किंमत कुटुंबाने मोजली. पत्नी लक्ष्मीबाई टिळक काही वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांनी पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मराठी गद्याचे मानदंड मानले जाते. दुःखाचा बाऊ न करता, विनोद न सोडता मागे वळून पाहण्याची त्यातील रीत ही कृतज्ञ स्मरणाचीच एक रीत आहे, जरी त्यात उपदेशाचा सूर कोठेही नाही.

टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन हे वारकरी परंपरेतील प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणले. देवाशी आईच्या नात्याने बोलणे, त्याच्याशी लाडाने भांडणे, त्याच्या उपकारांनी सद्गदित होणे हा संतकवींचा स्वर त्यांच्या गीतांत आहे. मराठी मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची अनेक गीते आहेत. त्यामुळे आजच्या उपासनेत ऑर्गनवर गायिले जाणारे पाश्चात्त्य वळणाचे स्तवन आणि पेटी-तबल्यावरचे भजन शेजारी शेजारी ऐकू येतात. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले आणि ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

नागपूरमधील परंपरा

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी नागपूर व कामठी येथे शाळा व मंडळीचे काम उभारले. भूगर्भशास्त्र व गोंडवनातील लोकजीवन यांचाही त्यांनी अभ्यास केला. १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या हिस्लॉप महाविद्यालयास त्यांचे नाव आहे.

कॅथलिक पंथाचा नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला व १९५३ मध्ये त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. संत फ्रान्सिस द सेल्स कॅथेड्रल हे त्याचे मुख्य मंदिर. शहरातील सेमिनरी हिल्स या भागाचे नावही तेथील धर्मगुरूंच्या प्रशिक्षणालयावरून पडले आहे. कॅथलिक प्रथेनुसार वर्षाच्या अखेरच्या दिवशी 'ते देउम' हे प्राचीन लॅटिन स्तुतिगीत गाऊन सरत्या वर्षाबद्दल आभार मानले जातात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्री होणाऱ्या उपासनेचे प्रयोजनही तेच आहे.

अँग्लिकन मंडळ्यांत १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातील एका उपकारस्तुतीच्या प्रार्थनेचे विशेष स्थान आहे. ती बिशप एडवर्ड रेनॉल्ड्स यांनी लिहिली असे मानतात. निर्मिती, पालनपोषण व तारण यांबद्दल आभार मानून ही कृतज्ञता केवळ ओठांवर न राहता आचरणात उतरावी, अशी याचना तिच्यात केली आहे. काटेकोर व्याख्येनुसार हे मागणेच झाले. परंतु मागितले आहे ते कृतज्ञ होण्याचे सामर्थ्य.

नागपूरच्या ख्रिस्ती इतिहासातील सर्वांत महत्त्वाची सार्वजनिक उपासना २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली. त्या दिवशी येथे उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अस्तित्वात आली. अँग्लिकन, उत्तर भारतातील संयुक्त मंडळी (प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेची), बॅप्टिस्ट, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, चर्च ऑफ द ब्रेदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा परंपरा तिच्यात विलीन झाल्या. १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींचे हे फलित होते. अमेरिकन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी अखेरच्या टप्प्यावर योजनेतून बाहेर राहिली. बाप्तिस्मा बालवयात द्यावा की प्रौढपणी, बिशप असावा की नसावा अशा प्रश्नांवर शतकानुशतके वेगळ्या राहिलेल्या लोकांनी एकत्र प्रभुभोजन घेणे, म्हणजे शब्दशः एकत्र 'आभार मानणे', हा त्या घटनेचा गाभा होता. ही तारीख उत्तर भारतीय मंडळीत स्थापनादिन म्हणून पाळली जाते.

घरगुती उपकारस्तुती

चर्चमधील उपासनेपेक्षा मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात हा शब्द अधिक येतो तो घरगुती प्रार्थनासभेच्या संदर्भात. नव्या घरात राहावयास जाणे, बाळाचा जन्म, परीक्षेतील यश, नोकरी, विवाहाचा वाढदिवस, शस्त्रक्रियेतून बरे होणे, अपघातातून वाचणे अशा प्रसंगी कुटुंब पाळकांना व मंडळीतील लोकांना घरी बोलावते. 'आमच्याकडे उपकारस्तुती आहे' एवढे म्हटले की निमंत्रण पुरे होते.

सभेचा क्रम साधारण ठरलेला असतो. गीत, आरंभीची प्रार्थना, शास्त्रवाचन, त्यानंतर कुटुंबातील एखाद्याची साक्ष, पाळकांचे मनन, अर्पण, पुन्हा गीत आणि आशीर्वाद. नंतर चहा-फराळ किंवा जेवण. यांतील साक्ष हा भाग सर्वांत जिवंत असतो. आजारातून उठलेली व्यक्ती रुग्णालयातील दिवसांचे सविस्तर वर्णन करते, कोण रात्री जागले, कोणी रक्त दिले, कोणी पैसे उसने दिले हे सांगते. देवाचे आभार मानता मानता माणसांचेही आभार मानले जातात, आणि ज्यांनी मदत केली ते बहुधा समोरच बसलेले असतात. अर्पण हे देवाच्या उपकाराचे मोल नव्हे, असे पाळक आवर्जून सांगतात. हे पैसे मंडळीच्या कामासाठी दिले जातात.

मृत्यूनंतरच्या स्मरणसभेतही उपकारस्तुती असते. मृत व्यक्तीच्या आयुष्याबद्दल आभार मानण्याची ही पद्धत बाहेरच्या माणसाला प्रथम चमत्कारिक वाटते. तेथे मृत्यूबद्दल आभार मानले जात नसून, ते माणूस लाभले याबद्दल मानले जातात.

सुगीची उपासना

पीक हाती आल्यावर होणाऱ्या वार्षिक उपासनेला कापणीचा सण किंवा सुगीची उपासना म्हणतात. तिचे आजचे रूप इंग्लंडमधून आले. कॉर्नवॉलमधील मॉरवेनस्टो येथील धर्मगुरू रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८४३ मध्ये घेतलेली सुगीची उपासना या प्रथेचा आरंभ मानली जाते. अमेरिकेतील 'थँक्सगिव्हिंग' हा राष्ट्रीय सण वेगळा. १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी त्यासाठी जाहीरनामा काढला.

भारतीय मंडळ्यांत या दिवशी धान्य, भाज्या, फळे, अंडी, कोंबड्या, घरी केलेले पदार्थ वेदीजवळ आणून ठेवले जातात. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, आणि एखादा भोपळा बाजारभावाच्या अनेक पटींनी विकला जातो. लिलावाचा गलका व हास्यविनोद हा सणाचाच भाग असतो. शहरातील नोकरदार मंडळीत मात्र बाजारातून विकत आणलेली भाजी अर्पण करून पुन्हा विकत घेतली जाते.

आक्षेप आणि चर्चा

उपकारस्तुतीवरील सर्वांत गंभीर आक्षेप दुःखाच्या बाजूने येतो. कापूस, तूर व सोयाबीन पिकवणाऱ्या कोरडवाहू विदर्भात पीक बुडण्याची वर्षे विरळा नाहीत, आणि येथील शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न देशभर परिचित आहे. ज्याच्या घरी काहीच आले नाही त्याने कशाबद्दल आभार मानावेत? एक मूल वाचले आणि शेजारचे दगावले, तर वाचलेल्याच्या आईवडिलांची जाहीर साक्ष शेजाऱ्याच्या कानाला कशी लागेल? मंडळीतील विचारी माणसे हा प्रश्न टाळत नाहीत.

याच्या उत्तरात हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायाचा दाखला दिला जातो. तेथे अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत अशी यादी देऊन तरीही देवाच्या ठायी आनंद करण्याचा निर्धार व्यक्त झाला आहे. नुकसान येथे लपवलेले नाही, हे या उताऱ्याचे बळ. जर्मनीतील आयलेनबुर्ग येथील पाळक मार्टिन रिंकार्ट यांचे प्रसिद्ध उपकारस्तुतीचे गीत तीस वर्षांच्या युद्धाच्या काळातील आहे. १६३७ च्या साथीत त्यांनी ४ हजारांहून अधिक माणसांचे दफनविधी केले, त्यांत त्यांची पत्नीही होती. तरीही अशी उदाहरणे दुसऱ्याच्या दुःखावर तोडगा म्हणून वापरणे अनुचित होय. हबक्कूक व रिंकार्ट स्वतःच्या हानीविषयी बोलत होते. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रेही मोठ्या संख्येने आहेत, आणि उपासनेत त्यांना जागा न देता केवळ उपकारस्तुती गाणे हे बायबलच्या स्वतःच्या प्रमाणाला धरून नाही.

दुसरा आक्षेप देवघेवीचा आहे. आभार मानले म्हणजे देव आणखी देईल, असा उपदेश अलीकडच्या काही प्रवाहांत ऐकू येतो. हे मान्य केल्यास आभार हे पुढच्या मागणीचे आगाऊ भाडे ठरते. पारंपरिक मंडळ्यांतील शिकवण याच्या विरोधात आहे.

अन्य परंपरांतील समांतर रूपे

नवस आणि उपकारस्तुती यांची तुलना सहज सुचते. नवसात अट आधी घातली जाते आणि इच्छा पूर्ण झाल्यावर तो फेडला जातो. उपकारस्तुतीत आधी बोललेले काही नसते. परंतु ही रेषा फार ठळक ओढता येत नाही. बायबलमध्ये याकोबाने बेथेल येथे आणि शमुवेलाची आई हन्ना हिने केलेले नवस प्रसिद्ध आहेत. दुसरीकडे, नवस फेडणाऱ्या भाविकाच्या मनात हिशेब असतो तसाच निखळ आनंदही असतो. नागपुरातील ताजबाग येथे बाबा ताजुद्दीन (१८६१-१९२५) यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक इच्छा पूर्ण झाल्यावर चादर अर्पण करतात. इस्लाममध्ये देवाविषयीच्या कृतज्ञतेस 'शुक्र' म्हणतात आणि ती श्रद्धेचे आवश्यक अंग मानली जाते.

अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन करणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांनी विदर्भातील खेड्यापाड्यांत सामुदायिक प्रार्थना रुजवली. सर्व जातिधर्मांच्या लोकांनी एकत्र बसून करावयाच्या या प्रार्थनेत वैयक्तिक लाभापेक्षा समूहाला महत्त्व आहे. नागपूर विद्यापीठास २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

नागपूरच्या दीक्षाभूमीचे उदाहरण या चौकटीत बसत नाही, आणि म्हणूनच ते विचारात घेण्याजोगे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धम्मचक्र प्रवर्तन दिनी तेथे जमणाऱ्या लाखोंच्या समुदायात कृतज्ञतेची भावना उत्कट असते, परंतु ती ईश्वराकडे वळलेली नसते. धम्मात ईश्वरपूजेला स्थान नाही.

महाराष्ट्रातील उपकारस्तुतीचे सर्वांत देशी रूप बहुधा बेने इस्राएल या मराठीभाषक यहुदी समाजाच्या 'मलिदा' विधीत दिसते. विवाह, नवे घर, आजारातून सुटका किंवा पूर्ण झालेला नवस अशा प्रसंगी ताटात ओले खोबरे व साखर घातलेले पोहे आणि निरनिराळी फळे ठेवतात. हिब्रू प्रार्थना होतात, एलियाहू हन्नबी, म्हणजे एलीया संदेष्टा, याचे गुणगान होते, प्रत्येक प्रकारच्या फळावर वेगळे आशीर्वचन म्हटले जाते आणि मग मलिदा सर्वांना वाटला जातो. अलिबागजवळील खंडाळे येथे एलियाहू प्रकट झाला अशी या समाजाची श्रद्धा असून तेथेही मलिदा केला जातो. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएल कुटुंबांनी हा विधी तेथेही चालू ठेवला आहे.